वावरातली बाई आणि गावचं महिला मंडळ



या कार्यक्रमात आपण नेहमी बियाणं, खत, बोंडअळी, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या वावरात राबणाऱ्या बाईची तब्येत, आणि ती चांगली राहावी म्हणून गावानं एकत्र येऊन काय करावं, हे आज सांगायचं आहे. कोणी म्हणेल, हा विषय दवाखान्याचा; कृषी खात्याच्या माणसानं यात कशाला पडावं? त्याचं उत्तर शेतीच्या हिशोबातच आहे.

अमरावती-अकोल्याकडची पऱ्हाटीच घ्या. सरकी टोबायला बाई, निंदायला बाई, खताची मुठ टाकायला बाई, आणि दसऱ्यापासून वेचायलाही बाईच. सोयाबीन आणि तूर सोंगायला ती असतेच. मालाची निवड, साठवण, बियाणं राखून ठेवणं हेही तिच्याच हातात. हे झालं वावरातलं. घरी पाणी भरणं, सडा-सारवण, भाकरी, गुरांचं पाहणं, लेकरांची शाळा आणि म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागात, गोड पाण्यासाठी तिला आणखी पायपीट पडत आली आहे. कोंबडा आरवायच्या आधी उठणारी ही बाई सगळ्यांची ताटं झाल्यावर जेवायला बसते, आणि टोपल्यात उरलं असेल तेवढंच खाते.

आता सांगा, जिच्या हातावर एवढी शेती चालते ती आजारी पडली, तर हंगाम कोणाचा बुडतो? सगळ्या घराचाच.

आपण कास्तकार लोक जनावराची पारख चांगली करतो. बैलानं वैरण टाकली, गाईनं दूध चोरलं, की त्याच दिवशी आपल्या ध्यानात येतं आणि आपण डॉक्टर बोलावतो. घरची बाई मात्र सहा सहा महिने “कंबर दुखते”, “डोळ्यापुढे अंधारी येते” असं म्हणत राहते, आणि आपण “होईल बरं” म्हणून वावरात निघून जातो. बहुतेक वेळा तर ती म्हणतसुद्धा नाही.

रक्त कमी असणं म्हणजे काय

सरकारनं २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी सुमारे ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं आहे.

रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिन नावाच्या पदार्थामुळे. तो पदार्थ लोहापासून बनतो, आणि श्वासातली हवा अंगभर पोचवायचं काम करतो. बाईच्या रक्तात तो १२ ग्रॅमच्या वर असावा, गरोदरपणी निदान ११ ग्रॅम तरी असावा. गरोदर बाईत तो ७ ग्रॅमच्या खाली गेला, तर ती मोठ्या धोक्यात आहे असं समजावं. मग बाळंतपणात थोडंसं जास्त रक्त गेलं तरी जिवावर बेतू शकतं, आणि बाळही कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

खुणा सोप्या आहेत. दोन तासांचं निंदण केलं की धाप लागते. उठताना चक्कर येते. पापणी खाली ओढून पाहिली तर आतली बाजू फिकी दिसते. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. अशा बाईला घरचे लोक “आता हिचं कामात ध्यान नाही” असं बोलतात. तिचं ध्यान आहे, अंगात बळ नाही.

कारणंही आपल्या घरा-वावरातलीच आहेत. पाळीत रक्त जातं, लवकर लवकर बाळंतपणं होतात, आणि जेवण मात्र भाकर, ठेचा आणि पातळ वरण एवढंच. अनवाणी पायानं ओल्या मातीत, उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या जागेत चालल्यानं अंकुशकृमी म्हणजे आकडेजंत पायाच्या कातडीतून अंगात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. यातल्या एकेका कारणावर इलाज आहे, आणि तो फार खर्चाचा नाही.

न बोललेली दुखणी

दुसरी गोष्ट जरा संकोचाची आहे, पण बोलली पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष छापले. त्या बायांपैकी १०० मागे ९२ बायांना पाळीचा, अंगावरून पांढरं जाण्याचा किंवा गर्भाशयाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बाया १०० मागे फक्त ८ होत्या. बाकीच्या सगळ्या अंगावर काढत होत्या. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष त्या दोन गावांनी वेधून घेतलं.

आपल्याकडच्या बाया काय वेगळ्या आहेत? ओटीपोट दुखतं, अंग बाहेर येतं, पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, हे ती कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती. दवाखान्यात जायला हाती पैसा नाही, सोबतीला कोणी नाही, आणि आज रोज बुडाला तर उद्या काय, ही चिंता. म्हणून गावाजवळ दवाखाना असूनही पुष्कळ बाया तिथे पोचत नाहीत. घर आणि दवाखाना यांच्यामधली ही वाट बायांच्या मंडळानं चालायची असते. ते कसं, ते आता पाहू.

जामखेडनं काय केलं

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवराबायको जामखेडला आले. त्या वेळचा अहमदनगर, आता अहिल्यानगर, हा तो जिल्हा. मुलूख दुष्काळी. गावकऱ्यांना त्यांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोकांनी औषध मागितलं नाही. पाणी आणि अन्न मागितलं. म्हणून कामाची सुरुवात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि लेकरांचं खाणं यापासून झाली. गावोगाव शेतकरी मंडळं निघाली. पुरुष मंडळी तिथे बसून बांध, झाडं, पाणी यांचं बोलू लागली, आणि बोलता बोलता लेकरं का मरतात, बाया बाळंतपणात का दगावतात, हेही बोलू लागली. नंतर बायांची मंडळं उभी राहिली.

औषधपाण्यासाठी गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची अशी रीत त्यांनी घातली. यातल्या पुष्कळ बायांना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी गावानं दूर ठेवलेल्या जातींतल्या होत्या. त्या नेमानं जामखेडला शिकायला येत आणि शिकलेलं गावात जाऊन दुसऱ्या बायांना सांगत. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईत धोका कसा ओळखायचा, लेकराचं वजन कसं करायचं, ही विद्या अशी घराघरात गेली. १९७१ च्या सुमारास तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत जात. १९९६ पर्यंत हा आकडा २६ च्या आसपास आला. याच कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कास्तकारांनी यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बायांचं काम तिथे टिकलं, कारण शेतकरी मंडळातले पुरुष त्यांच्या पाठीशी होते. चारचौघांत स्वतःचं नाव सांगायला लाजणारी बाई पुढे डॉक्टरांसमोर गावाची माहिती सांगू लागली. अंगात बळ आलं तसा बोलण्यात धीर आला.

गडचिरोलीत बंग दांपत्यानं हाच धडा नवजात बाळांसाठी वापरला. गावच्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ३९ गावांत १९९५ ते १९९८ या काळात त्यांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या फेऱ्या मारते, ती रीत या कामावरून देशभर गेली. आशाची योजना २००५ साली आली.

आपल्या मेळघाटाचं उदाहरण

आपल्या अमरावती जिल्ह्यातही दाखला आहे. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. पण त्याआधीच डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे धारणी तालुक्यातल्या बैरागडला जाऊन राहिले होते. नाममात्र फी घेऊन त्यांनी रोगी तपासले. लेकरं कुपोषणानं मरतात त्याचं मूळ घरातल्या रिकाम्या कणगीत आहे हे पाहून त्यांनी शेतीतही लक्ष घातलं, स्वतः शेती करून दाखवली. २०१९ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. धारणीजवळच्या उतावलीला डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था कोरकू गावांतल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन घरोघरी काम करते. जामखेड, गडचिरोली, मेळघाट, तिन्ही ठिकाणी गावातली बाईच गावच्या कामाला आली आहे.

मग आपल्या गावात काय अडचण आहे? बचत गट जवळजवळ गावोगाव आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’ १९७५ साली सुरू झालं, २०११ साली ‘उमेद’ अभियान आलं. अंगणवाडी आहे, आशाताई आहे, उपकेंद्रात नर्सबाई आहे. पण कित्येक गटांत महिन्याची बचत गोळा केली, वही लिहिली, की बैठक संपते. ‘उमेद’च्या दशसूत्रीत आरोग्याचंही कलम आहे, तेवढं राहून जातं. ते कामाला कसं लावावं, हे क्रमानं सांगतो.

गटानं करायची कामं

१. बैठकीत पंधरा मिनिटं तब्येतीची. हिशोब झाल्यावर प्रत्येकीनं आपलं आणि घरच्या लेकीबाळींचं दुखणं सांगावं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. एक बाई बोलली की दुसरीला धीर येतो.

२. सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी. एकदा पेरणीआधी, एकदा वेचणी संपल्यावर. नर्सबाईला किंवा आशाताईला आधी सांगून दिवस ठरवावा. बोटाच्या थेंबावर तपासणी होते. नावापुढे आकडा आणि तारीख गटाच्या वहीत लिहावी. ज्या बाईला आपला आकडा गटात सांगायचा नसेल तिनं आपल्यापाशी लिहून ठेवावा. बचतीचा आकडा वाढला की आनंद होतो ना, तसाच रक्ताचा आकडा वाढताना पाहावा.

३. लोहाची गोळी. ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गरोदर बाईनं चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस; बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. बाकीच्या बायांनी आठवड्यातून एक. रक्त कमी निघालं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढी. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत घेऊ नये, लिंबू किंवा आवळा सोबत असला तर उत्तम. शौचाला काळं होतं, थोडं मळमळतं, त्याला घाबरून गोळी सोडू नये. जंताची गोळी नर्सबाईच्या सल्ल्यानं घ्यावी. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी जरूर करावी. विदर्भात हा आजार आहे, आणि त्याचा उपचार निराळा आहे.

४. परसबाग. हा माझ्या खात्याचा विषय. मोरीचं सांडपाणी जातं तिथे दोन वाफे करा. अंबाडी, चवळई, पालक, मेथी आलटून पालटून लावा. कुंपणाला शेवगा आणि वाल, कोपऱ्यात लिंबू आणि पपई. साबणाचं पाणी थेट वाफ्यात न सोडता आधी झाडांच्या आळ्यात सोडा. खारपाणपट्ट्यात विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर भाजी नीट येत नाही. तिथे पावसाळ्यातच परसबाग करा, छपराचं पावसाचं पाणी साठवा, आणि अंबाडी, शेवग्याचा पाला वाळवून ठेवा. तूर, हरभरा, मूग आपण पिकवतो आणि सगळं बाजारात नेतो. वर्षाचं घरखाऊ धान्य आणि डाळ आधी बाजूला काढा, मग विका. तीळ, जवस, शेंगदाण्याची चटणी रोजच्या भाकरीसोबत असू द्या.

५. वावरातली कामं सोपी करा. दिवसभर बसून निंदण्याऐवजी ओळींतलं तण चाकाच्या हातकोळप्यानं काढता येतं. गटानं एक घेऊन पाळीपाळीनं वापरावं. कापूस वेचताना कमरेच्या ओटीत सगळं वजन लटकतं, त्याऐवजी दोन्ही खांद्यांवर पट्टे येतील अशी वेचणीची पिशवी शिवून घ्या. पायात बूट किंवा चप्पल हवीच. धुऱ्यावर सावली आणि प्यायचं पाणी हवं.

६. फवारणीपासून बाईला जपा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. औषध कालवायला, ड्रममध्ये पाणी टाकायला पुष्कळदा बाईच असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे काम देऊ नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. फवारलेल्या वावरात लगेच निंदायला किंवा वेचायला बाया पाठवू नका. किती दिवस थांबायचं ते डब्यासोबतच्या माहितीपत्रकात वाचा किंवा कृषी सहाय्यकाला विचारा.

७. दवाखान्यात सोबत जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. गटातली एक बाई सोबत गेली तर लाजरी सूनही जाते. मोठं दुखणं असेल तर अमरावतीला डफरीन, अकोल्याला लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालयं आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, शस्त्रक्रियेनं झालं तरी. गाडीसाठी १०२ किंवा १०८ नंबर लावा. गटाच्या बचतीतून थोडी रक्कम ‘आजारपणाचा निधी’ म्हणून वेगळी ठेवावी, म्हणजे रात्री-बेरात्री सावकाराचं दार ठोठवावं लागणार नाही.

८. गावसभेत बोला. आपल्या राज्यात गावसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. नळाचं पाणी, संडास, अंगणवाडीचा आहार, उपकेंद्रात नर्सबाई हजर असणं, हे विषय तिथे मांडा आणि लिहून घ्या. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. निवडून आलेल्या बाईनं सभेत स्वतः बोलावं, तिच्या मालकानं तिच्या जागी बोलू नये.

पुरुष मंडळींना दोन शब्द

बंधूंनो, मी गावोगाव शेतीशाळा घेतो. सुरुवातीला बाया दाराशी, भिंतीला टेकून बसतात. कीड ओळखायचा प्रश्न विचारला की पुरुष आधी बोलतात. पण निंदताना, वेचताना पानाखालची अळी रोज पाहते ती बाई. तिला नावानं विचारलं की ती अचूक सांगते. माहिती तिच्याजवळ आहे, विचारणारं कोणी नसतं. तब्येतीचंही तसंच आहे. आज घरी गेल्यावर तिला एवढंच विचारा, “तुझं अंग कसं आहे? रक्त कधी तपासलं होतं?” कदाचित ती हसण्यावारी नेईल. दुसऱ्यांदा विचारा.

महिन्यातून एक दिवस दोन तास तिला बैठकीला जाऊ द्या. त्या दिवशी चूल कोणी पेटवायची, गाय कोणी सोडायची, हे घरात ठरवून टाका. घरात ताटं वाढली की सगळे एका वेळी बसा. काही दुखणी ती शेवटी जेवते म्हणूनही होतात. लेकीचं लग्न १८ च्या आत करू नका, आणि दोन लेकरांत निदान तीन वर्षांचं अंतर ठेवा. हा निर्णय दोघांचा आहे. सगळा भार तिच्यावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर, बँकेच्या पासबुकावर तिचं नाव असू द्या. आपल्या वऱ्हाडात नापिकीनं आणि कर्जानं किती घरांतले कर्ते पुरुष गेले, ते मी सांगायला नको. मागं राहिलेल्या बाईचं नाव कागदावर नसलं, की जमीन आणि मदत या दोन्हींसाठी तिला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. तिचं नाव जिवंतपणी, राजीखुशीनं लावा. त्यानं तुमचं काही कमी होत नाही, आणि तिच्या मनाला मोठा आधार होतो.

भगिनींनो, तुम्हालाही सांगणं आहे. दुखणं अंगावर काढणं म्हणजे सोशिकपणा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण बाईचं रक्त कमी असलं तर पोटातल्या बाळालाही ते भोवतं. तेव्हा स्वतःसाठी जीवावर येत असेल तर लेकरासाठी तपासणी करून घ्या. लेकीला पाळीबद्दल नीट सांगा. कापड वापरत असाल तर ते धुऊन उन्हात वाळवा, अंधारात लपवू नका. आणि बैठकीत पहिलं वाक्य बोलायला भीती वाटली तरी बोला. दुसरं आपोआप येतं.

लक्षात ठेवा

- बाईच्या रक्ताचा आकडा १२ च्या वर, गरोदरपणी निदान ११.
- तपासणी वर्षातून दोनदा: पेरणीआधी आणि वेचणीनंतर.
- लोहाची गोळी जेवणानंतर, चहासोबत नाही.
- घरापुरती डाळ आणि भाजी आधी ठेवा, मग बाजार.
- फवारणीपासून गरोदर आणि पाजत्या बाईला दूर ठेवा.
- गटाच्या प्रत्येक बैठकीत पंधरा मिनिटं तब्येतीची.
- गाडीसाठी फोन १०२ किंवा १०८.

पुढच्या पंधरवड्यात आपल्या गावच्या गटाची बैठक असेल. हे पत्रक तिथे एकीनं मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि तपासणीची तारीख त्याच बैठकीत ठरवावी. परसबागेचं बियाणं आणि हातकोळपं याबद्दल काही विचारायचं असेल तर आपल्या कृषी सहाय्यकाला किंवा तालुका कृषी कार्यालयात जरूर विचारा.